वादळाची वाट

वळवाचा पाऊस आपल्या ओळखीचा आहे. वैशाखात दुपारी आभाळ भरून येते, धूळ उठते, चार पत्रे उडतात, झाडाखाली आंब्यांचा सडा पडतो आणि तासाभरात सारे शांत होते. त्यालाही आपण वादळच म्हणतो. पण या पाठात आम्ही ज्या वादळाविषयी लिहिणार आहोत ते निराळे. ते समुद्रावर जन्मते. ते चार-पाच दिवस जगते, कधी आठ दिवसही टिकते. त्याचा घेर शेकडो किलोमीटरचा असतो. त्यातला वारा जात्यासारखा गरगर फिरतो, म्हणून त्याला चक्रीवादळ म्हणतात. आणि फिरता फिरता ते सगळेच्या सगळे पुढे सरकत असते.

शहापूर आणि मुरबाड हे काही किनाऱ्यावरचे तालुके नव्हेत. तेव्हा कोणी विचारील, "समुद्रातलं वादळ कोळ्यांनी बघावं. आम्हांला त्याचं काय?"

सरळ रेषेत मोजले तर समुद्र आपल्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. चक्रीवादळाला हे अंतर म्हणजे अंगण. शिवाय आपल्या पाठीशी सह्याद्री उभा आहे. समुद्रावरून आलेले भरलेले ढग त्याला अडतात आणि आपल्या डोक्यावर रिते होतात. भातसा, काळू, शाई या नद्या मग बघता बघता फुगतात. आपले बाहेर जाण्याचे रस्ते तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शहापूरकरांना आसनगावची लोकल आणि नाशिकचा हमरस्ता. मुरबाडकरांना अजून रेल्वे नाही. एका अंगाला कल्याणचा रस्ता, दुसऱ्या अंगाला माळशेज घाट. यांतले एक जरी बंद पडले तरी बाजाराला गेलेला माणूस बाजारात अडकतो आणि घरचा घरात.

म्हणून वादळाची बातमी आली की आपल्याला एकच गोष्ट हवी असते. उद्या निघायचे की थांबायचे? आणि याच प्रश्नाचे सरळ उत्तर ती बातमी देत नाही. का देत नाही, आणि तरीही तिच्यातून आपण काय घ्यावे, ते आता पाहू.

निसर्ग वादळाची हकीकत

सन २०२० मधली गोष्ट आहे. जूनच्या पहिल्या तारखेला अरबी समुद्रात, गोव्याच्या नैऋत्येला, हवेचा दाब कमी होऊन वादळाची तयारी दिसू लागली. आपल्या देशात हवामानावर नजर ठेवणारे सरकारी खाते आहे. त्याचे पुरे नाव भारत हवामानशास्त्र विभाग. हे खाते १८७५ सालापासून काम करते. आपण त्याला हवामान खाते म्हणतो, किंवा नुसते वेधशाळा म्हणतो. मुंबईत कुलाब्याला त्याची जुनी वेधशाळा आहे.

या खात्याने सांगितले की वादळ ३ जूनला हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान किनाऱ्यावर येण्याची शक्यता आहे. वेळ पहिल्यांदा संध्याकाळची किंवा रात्रीची सांगितली होती. वादळाला निसर्ग असे नाव मिळाले. ही नावे आधीच ठरवून ठेवलेल्या यादीतून येतात. आपल्या बाजूच्या समुद्रांसाठी तेरा देश मिळून ती यादी करतात. निसर्ग हे नाव बांगला देशाने सुचवलेले होते.

आता हरिहरेश्वर कुठे आणि दमण कुठे? हरिहरेश्वर रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, श्रीवर्धनजवळ. दमण पालघर जिल्हा ओलांडून गुजरातच्या सीमेवर. दोहोंत सरळ रेषेत सुमारे २७० किलोमीटर अंतर आहे. अलिबाग, मुंबई, वसई, डहाणू ही सारी गावे या पट्ट्यात आली. आणि किनाऱ्यावरून डोंगराकडे सरळ रेघ मारली, तर आपले शहापूर-मुरबाड त्या पट्ट्याच्या जवळजवळ मधोमध पडते.

पण बातमी तोंडातून तोंडी गेली तेव्हा तिच्यातले हरिहरेश्वर गळले आणि दमणही गळले. उरले एवढेच की मुंबईवर वादळ येणार.

२ जूनला दुपारी त्याचे पुरते चक्रीवादळ झाले. दर काही तासांनी नवी माहिती निघत होती. पट्टा हळूहळू आखूड होत अलिबागच्या आसपास येत होता. वेळही बदलली. रात्रीची दुपार झाली. आणि ३ जूनला, बुधवारी, दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास वादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या भागांत घरांची छपरे गेली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ज्या झाडांनी आजोबांपासून घर पोसले, ती एका दुपारी गेली. नवे झाड लावले तरी त्याला फळ धरायला वर्षे लागतात.

मुंबईत मात्र त्या मानाने थोडक्यात निभावले. तेव्हा तिथे काही लोक म्हणाले, "उगाच घाबरवलं आम्हांला. आलंय कुठं वादळ?" हेच वाक्य श्रीवर्धनला जाऊन कोणी म्हणावे!

तर मग हवामान खात्याचे खरे ठरले की खोटे? अंदाजात लिहिले होते ‘हरिहरेश्वर ते दमण’. वादळ त्याच्या आतच आले. चुकले असेल तर ऐकणाऱ्याचे आणि सांगणाऱ्याचे. त्यांनी मधला एक शब्द टाकून दिला. तो शब्द एकाच अक्षराचा आहे. ‘ते’. हरिहरेश्वर ते दमण. ११० ते १२०. साडेबारा ते अडीच. आपण नव्याने वाचायला शिकलो आहोत, तेव्हा मोठे शब्द आपल्याला अडतात आणि लहान शब्दांवरून नजर घसरते. पण वादळाच्या बातमीत सगळ्यांत जड शब्द हाच आहे.

वेळेचीही गोष्ट सोडू नका. त्या दिवसांत करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी होती. लोकल गाड्या सर्वसामान्य लोकांसाठी बंद होत्या, त्यामुळे वाटेत अडकायला फारशी माणसेच नव्हती. पण समजा, तो नेहमीसारखा बुधवार असता. कसारा, खर्डी, आसनगाव, वासिंद येथून सकाळच्या गाडीने हजारो माणसे मुंबईकडे गेली असती. ज्याने सोमवारी ऐकले होते की वादळ रात्री येणार, तो म्हणाला असता, "संध्याकाळच्या आत परत येतो." आणि वादळ दुपारी आले. मुंबईचा विमानतळ त्या दुपारी काही तास बंद ठेवावा लागला होता. मध्य रेल्वेने मुंबईहून सुटणाऱ्या काही लांबच्या गाड्यांच्या वेळा पुढे ढकलल्या होत्या. सोमवारची बातमी सोमवारी बरोबर होती. बुधवारी ती शिळी झाली होती.

वादळाला वाट कोण दाखवते?

काळू नदीच्या पुरात भोवरा पाहिला आहे ना? भोवरा जागच्या जागी गरगर फिरतो आणि प्रवाहाबरोबर पुढेही जातो. तो आपल्या मनाने जात नाही. पाणी नेईल तिकडे जातो. समोर खडक आला आणि प्रवाह दुभंगला, की भोवरा डावीकडे जाईल की उजवीकडे? खडकाच्या आधी तो वीतभर इकडे असेल तर इकडे, वीतभर तिकडे असेल तर तिकडे. वीतभर फरकाने पुढे पन्नास हातांचा फरक पडतो.

चक्रीवादळ हा हवेतला भोवरा. उंच आभाळात वाऱ्याचे मोठमोठे प्रवाह वाहत असतात, ते त्याला ओढून नेतात. आणि कुठे कुठे जड हवेचे डोंगर असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण वादळ त्यांना वळसा घालून जाते. असे दोन डोंगर दोन बाजूंना असले आणि मधला प्रवाह मंद असला, तर वादळ रेंगाळते. मग ते कुठे वळेल ते सांगणे फार अवघड होते.

याचे उदाहरण २०१९ सालचे आहे. त्या वर्षी दिवाळीनंतर महा नावाचे वादळ अरबी समुद्रात उठले. ते आधी आपल्या किनाऱ्यापासून दूर, वायव्येकडे निघून गेले. लोकांना वाटले, गेले. मग ते समुद्रात वळले आणि गुजरातच्या दिशेने परत आले. आणि किनाऱ्याला पोचण्याआधीच त्याचा जोर संपला. तीन वाक्यांत सांगितले, पण ज्यांची भाताची कापणी त्या दिवसांत चालू होती त्यांना विचारा, ते दिवस कसे गेले असतील. कापावे तर भारे भिजतील. ठेवावे तर उभे पीक लोळेल.

मग शास्त्रज्ञ वाट ओळखतात कशी? समुद्रावर काही आपल्या गावासारखी माणसे राहत नाहीत. आभाळातून फिरणारे उपग्रह ढगांची चित्रे पाठवतात. जहाजे आणि समुद्रावर तरंगती ठेवलेली यंत्रे वाऱ्याची व पाण्याची माहिती देतात. किनाऱ्यावर रडार असतात. ही सगळी माहिती गणकयंत्रात घालतात आणि पुढचे गणित करतात. पण सुरुवातीची माहितीच थोडी कमी-जास्त असू शकते. वादळाचा मध्य इथे की दहा किलोमीटर पलीकडे? म्हणून एकच गणित करून थांबत नाहीत. सुरुवात जराजरा बदलून तेच गणित पुन्हा पुन्हा करतात. प्रत्येक वेळी एक वाट निघते.

या सगळ्या वाटा एका नकाशावर काढल्या, तर ते चित्र खराट्यासारखे दिसते. खराटा जिथे बांधलेला असतो तिथे सगळ्या काड्या एकत्र. ती आजची जागा. पुढे पुढे काड्या फाकत जातात. ती उद्याची, परवाची, तेरवाची जागा. आज सगळे एकमताने बोलतात. तेरवाविषयी प्रत्येक काडी वेगळे बोलते.

दूरदर्शनवर किंवा मोबाइलवर वादळाचा नकाशा दाखवतात तेव्हा त्यावर सुपासारखा आकार असतो. मागे निमुळता, पुढे रुंद. तो याच काड्यांचा पसारा. पुष्कळ लोक समजतात की वादळ पुढे जाऊन एवढे मोठे होणार. तसे नव्हे. वादळाचा मधला बिंदू त्या सुपात कुठेतरी असण्याची शक्यता आहे, एवढाच त्याचा अर्थ. वारा आणि पाऊस सुपाच्या बाहेरही खूप दूरवर पडतात. आणि कधी कधी तो बिंदूही सुपाच्या बाहेर जातो. आपला तालुका सुपाच्या कडेबाहेर दिसला म्हणून घोंगडी पांघरून झोपू नये.

किती फरक पडतो?

हवामान खाते आपली चूक स्वतः मोजून जाहीर करते. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. किती माणसे आपली चूक मोजून चावडीवर लावतात? २०१६ ते २०२० या पाच वर्षांचा त्यांचा हिशेब साधारण असा आहे. वादळाची जागा एक दिवस आधी सांगितली तर ती सरासरी पाऊणशे किलोमीटरच्या आसपास चुकते. दोन दिवस आधी सांगितली तर सुमारे एकशे पंधरा किलोमीटर. तीन दिवस आधी सांगितली तर दीडशेच्या थोडे पुढे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ही चूक याहून बरीच मोठी असे.

पाऊणशे किलोमीटर म्हणजे किती? अलिबाग ते वसई हे अंतर सरळ रेषेत जवळपास तेवढेच आहे. म्हणजे वादळ उद्या अलिबागला येणार असे आज सांगितले, तर ते वसईलाही येऊ शकते. अलिबागला आले तर त्याचा तडाखा रायगडला. वसईला आले तर ते थेट आपल्या अंगावरून डोंगराकडे जाईल. चांगल्यात चांगल्या अंदाजातही एवढी जागा मोकळी राहते.

पंचांगाशी ताडून पाहा. पंचांगात पावसाची नक्षत्रे असतात आणि प्रत्येकाचे वाहन असते. बेडूक असला, म्हैस असली, की पाऊस भरपूर म्हणायचा. पंचांग एकदा छापले की वर्षभर बदलत नाही. हवामान खात्याचा अंदाज मात्र वादळ जवळ असता दर तीन तासांनी बदलतो. काही लोक याचीच थट्टा करतात. म्हणतात, "सकाळी एक बोलतात, दुपारी दुसरंच." पण गाय चरायला सोडली आणि सकाळी ओढ्याकाठी पाहिली, म्हणून दुपारी तिला ओढ्यावरच शोधत बसावे काय? गाय हलली की आपले बोलणेही हलले पाहिजे.

आले नाही, मग फसवले काय?

जून २०१९ मध्ये वायू नावाचे वादळ गुजरातकडे निघाले. ते १३ जूनला वेरावळच्या आसपास किनाऱ्यावर येईल असे दिसत होते. सरकारने सुमारे तीन लाख माणसे किनाऱ्यावरून हलवली. पश्चिम रेल्वेने त्या भागातल्या अनेक गाड्या रद्द केल्या. आणि ऐन वेळी वादळ थोडे पश्चिमेकडे सरकले. किनाऱ्याच्या बाजूबाजूने निघून गेले. मुख्य तडाखा समुद्रातच राहिला.

याच वादळाने आपल्याकडेही एक खोडी केली. पावसाळी वाऱ्यांची घडी त्याने विस्कटली. त्या वर्षी मुंबईला मोसमी पाऊस २५ जूनला पोचला. एरवी तो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. वादळ दूरून गेले तरी त्याची सावली अशी पडते.

आता चावडीवर दोन माणसे बोलत आहेत असे समजा. पहिला म्हणतो, "तीन लाख माणसं घरदार सोडून गेली. गाड्या बंद. मजुरी बुडाली. आणि आलं काय? काहीच नाही." दुसरा म्हणतो, "आणि आलं असतं तर?"

दुसऱ्याचे म्हणणे बरोबर आहे, हे सांगणे सोपे आहे. पण पहिल्याचेही ऐकले पाहिजे. रोजंदारीवर पोट असलेल्याला थांबणे फुकट पडत नाही. वीटभट्टीवरून हिशेब करून निघालेले कातकरी कुटुंब वाटेत दोन दिवस थांबले, तर दोन दिवस खाणार काय? काकडी-भेंडी तोडून ठेवली आणि कल्याणच्या बाजारात नेली नाही, तर ती सुकते. एका हंगामात तीनदा थांबलो आणि तिन्ही वेळा वादळ दुसरीकडे गेले, तर चौथ्या वेळी माणूस ऐकणारच नाही. त्याला मूर्ख म्हणून चालणार नाही. त्याने तीनदा किंमत मोजलेली असते.

पण चौथी वेळ कशी असते तेही पाहा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले. मुंबईच्या बाजूने, समुद्रातूनच, ते वर गेले आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढले. ते मुंबईवर आले नाही. तरीही कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला. मुंबईचा विमानतळ सकाळी अकरापासून रात्री दहापर्यंत बंद राहिला. समुद्रात तेलविहिरींच्या कामावर असलेला पी-३०५ नावाचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. १८६ वाचली. वादळाची सूचना आधीच निघालेली होती.

थांबण्याची किंमत दोन दिवसांच्या मजुरीत मोजता येते. निघण्याची किंमत कधी कधी मोजताच येत नाही. या दोन किमती एका तराजूत घालताना वादळ येण्याची शक्यता किती, एवढेच पाहून भागत नाही. आले तर आपण त्या वेळी कुठे असू, हेही पाहावे लागते. घरात असू, एस.टी.त असू, की घाटात असू?

आपल्या वाटा

आपल्याकडे वाऱ्यापेक्षा पाण्याचे भय जास्त. याची चांगली उदाहरणे चक्रीवादळाची नाहीत, नुसत्या मुसळधार पावसाची आहेत. पण चक्रीवादळ तसाच पाऊस आणू शकते, म्हणून ती इथे सांगतो.

२६ जुलै २०१९ च्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून कोल्हापूरकडे निघाली. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीचे पाणी रुळांवर आले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. गाडीत हजारावर माणसे होती. दुसऱ्या दिवशी होड्यांनी त्यांना बाहेर काढले. त्या माणसांनी तिकीट काढले तेव्हा गाडी वेळेवर होती. स्टेशनही सुके होते. माणूस सुटण्याच्या जागेचे आभाळ पाहतो, मधल्या वाटेचे पाहत नाही.

जुलै २०२१ मध्ये कसारा घाटात दरडी कोसळल्या, उंबरमाळी स्टेशनात रुळांवर पाणी आले आणि नाशिककडची रेल्वे बंद पडली. त्याच दिवसांत कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायते येथे उल्हास नदीच्या पुराने पुलाचा जोडरस्ता वाहून नेला. पूल उभा, पण पुलावर चढायला रस्ता नाही! कल्याणला गेलेले मुरबाडकर पलीकडे राहिले. माळशेज घाटात तर पावसाळ्यात दरड कोसळणे ठरलेलेच.

म्हणून वादळाची सूचना असेल तेव्हा प्रवासाचा विचार उलटा करावा असे आमचे मत आहे. आधी परतीचा विचार करावा, मग जाण्याचा. कल्याणला जाणे सकाळी दीड तासाचे काम असेल. पण दुपारी पाणी चढले तर रात्र कुठे काढणार? तिथे बहीण असेल, मेहुणा असेल, तर जाण्यात धोका थोडा. कोणी नसेल आणि घरी लहान पोर एकटे असेल, तर तोच प्रवास जड आहे. अंदाज दोघांना एकच. निर्णय मात्र दोघांचा वेगळा, आणि दोन्ही शहाणपणाचे.

काही कामे अशी असतात की ती थांबवण्यापेक्षा आधी उरकावी. घरात बाईचे दिवस भरत आले असतील, तर वादळाच्या दोन दिवस आधीच तिला शहापूरला किंवा मुरबाडला सरकारी दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवावे. वादळ दुसरीकडे गेले तर काय बिघडले? चार दिवस पाहुणचार झाला. पण वादळ आले, ओढ्याच्या फरशीवरून पाणी गेले आणि कळा सुरू झाल्या, तर १०८ ची गाडी बोलावूनही ती पाड्यापर्यंत पोचायची कशी? रोज गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे औषधही तसेच. आठ दिवसांचे आणून ठेवावे.

लग्नाची गोष्ट कठीण. तिथी ठरलेली, वऱ्हाड जमलेले, मांडव घातलेला. थांबा म्हणावे कोणी? तिथे निदान एवढे करता येते की वऱ्हाड आदल्या दिवशी पोचवावे आणि घाटातून रात्री परतायचे नाही असे दोन्हीकडच्यांनी आधीच बोलून ठेवावे. शहापूर ते मुरबाड जायचे असेल तर किन्हवली-सरळगाववरून जवळ पडते, पण मधल्या नदी-ओढ्यांची खबर घेऊनच निघावे.

आणखी एक. वादळ गेले, आभाळ उघडले, की माणूस लगेच निघतो. डोंगरात पडलेले पाणी खाली यायला मात्र वेळ लागतो. ऊन पडलेले असते आणि नदी चढत असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळ आले तर धरणे आधीच भरलेली असतात, तेव्हा पाणी सोडण्याची सूचनाही ऐकावी लागते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलेले फयान वादळ त्याच हंगामातले होते. ते अलिबाग आणि मुंबई यांच्या मध्ये किनाऱ्यावर आले होते.

सूचना कशी वाचावी?

हल्ली सूचना मोबाइलवर येते. शेजारी पाठवतो, मेहुणा पाठवतो. ती वाचताना आधी तारीख आणि वेळ शोधा. सूचना कोणत्या दिवशी, किती वाजता काढली? वेळ लिहिलेली नसेल तर ती सूचना कामाची नाही. ती गेल्या वर्षीचीही असू शकेल. मग ‘ते’ शोधा. कुठून ते कुठपर्यंत? किती ते किती वाजता? तो नसेल आणि बातमी एकाच गावाचे नाव छातीठोकपणे सांगत असेल, तर मधे कोणीतरी तो खाल्लेला आहे. ‘शक्यता’ हा शब्दही पाहा. तो जोडाक्षराचा आहे, दोनदा वाचावा लागला तरी हरकत नाही.

रंगांची खूणही असते. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग जिल्ह्याला दिलेला असतो, एकेका गावाला नव्हे. ठाणे जिल्हा लाल झाला म्हणजे डोळखांबला आणि ठाणे शहरात सारखाच पाऊस पडेल असे नाही.

ज्यांच्या गावात फोनला रेंज नाही त्यांनी एक सोय करावी. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या फळ्यावर ज्याला लिहिता येते त्याने ताजी सूचना लिहावी आणि खाली वेळ टाकावी. नवी सूचना आली की जुनी पुसावी. पुसायला विसरू नये, कारण शिळी सूचना ही नसलेल्या सूचनेपेक्षा वाईट. शंका असेल तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे. तिथे विचारावे.

शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा असतो. गुरुजींना विचारून एक दोरा घ्या. नकाशाच्या कोपऱ्यात किलोमीटरची पट्टी छापलेली असते. त्या पट्टीवर पंचाहत्तर किलोमीटर मोजून दोऱ्याला गाठ मारा. दोऱ्याचे टोक अलिबागवर धरा आणि दोरा ताणून फिरवा. कल्याण आत येईल. मुरबाड थोडक्यात बाहेर राहील. आता दुसरी गाठ एकशे पंधरा किलोमीटरवर मारा, म्हणजे दोन दिवस आधीचा फरक, आणि पुन्हा फिरवा. या खेपेला मुरबाडही आत येते आणि शहापूरही.